धाकलूचा सांगावा

आमच्या कडाव गावात कुणी वारलं की धाकलू पायांत चपला सरकवायचा. घरोघरी, पार डोंगरातल्या वाडीपर्यंत मयतीचा सांगावा पोचवणं हे त्याचं काम. कुणी नेमलं नव्हतं. बाप करायचा म्हणून हाही करायचा. आम्ही टवाळ पोरं त्याला यमाचा पोस्टमन म्हणायचो. तोही हसायचा.

मग आमच्यातल्याच ऋषिकेशनं मोबाईलवर 'आमचं कडाव, आमचा अभिमान' हा ग्रुप काढला. सप्त्याचे फोटो, क्रिकेटचे सामने, कडावकर म्हणून नुसता ऊर भरून आलेला! मयतही तिथंच कळू लागली. धाकलू ओट्यावर बसून राहू लागला. त्याला वाईट वाटायचं.

यंदा वैशाखात इंदूबाईनं अंथरूण धरलं. तिची आणि वाडीवरच्या कोंडीची जिवाभावाची मैत्री. उभा जन्म दोघींनी एकाच बांधावर भाकर खाल्लेली. धाकलू भेटायला गेला तेव्हा ती म्हणाली, "मी गेले की कोंडीला सांगशील ना रं दादा? तिनं तोंड बघितल्याबिगर मला जाळू नका."

"सांगीन की."

ती गेली त्या सकाळी धाकलू निघालाच होता. ऋषिकेशनं मोबाईलमधून मानही वर केली नाही.

"काका, उन्हाचं कशाला जाता? ग्रुपवर टाकलंय. सगळ्यांना पोचलं."

"वाडीवर पन?"

"सगळी हायत त्यात."

धाकलूकडे मोबाईल नाही. त्यानं बिचाऱ्यानं विश्वास ठेवला. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रीघ लागली, पनवेल-कल्याणच्या कडावकरांचीसुद्धा. स्मशानात धाकलू सारखा म्हणत होता, "थांबा जरा, कोंडी येल." ऊन चढलं, लोक कुरकुरले, अग्नी दिला. वाडीवरचं एकही माणूस त्या ग्रुपात नव्हतं. आम्ही कधी कुणाला घेतलंच नव्हतं, आणि आमच्या अभिमानाला ते कधी खटकलंही नाही.

पुढच्या आठवड्यात कोंडी आजारी इंदूसाठी करवंदं घेऊन इंदूबाईच्या दारात आली. आत हार घातलेला फोटो बघून उंबऱ्यातच बसली. धाकलू धावत आला, तिच्यासमोर उभा राहून रडायलाच लागला.

"कोंडे, मला वाटलं तुला कळलं आसंल गं."

कोंडीनं करवंदं उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाली, "मी रोज वाटंकडं बघायची, दादा. तू येताना दिसला नाय, की म्हनायची, माजी इंदू आजून हाय."