डोणीत प्लास्टिकची फुलं

मंडळी, आज गावाकडून परत आलोय आणि आल्या आल्या हे लिहायला बसलोय.

आमची डोणवाडी मंगळवेढ्याकडच्या उघड्या माळावर आहे. विहिरीपाशी जनावरांना पाणी पाजायची मोठी दगडी डोण आहे. शंभरेक वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या राज्यात आमच्या पणजोबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती एकाच काळ्या दगडात कोरली. गावाला नाव तिच्यावरूनच पडलं. विहिरीवर येईल त्यानं आधी डोणीत दोन बादल्या ओतायच्या, मग स्वतः प्यायचं, ही गावची रीत.

आज बघतो तर डोणीला गुलाबी ऑइलपेंट! बुडाला भोक पाडलंय, आत माती भरून प्लास्टिकची फुलं खोचलीत. मागं झगझगीत अक्षरं, 'माझं गाव, माझा अभिमान'. सेल्फी पॉइंट म्हणे.

तेवढ्यात गेनूतात्या मेंढरं घेऊन आले. त्यांना आता नीट दिसत नाही. सवयीनं त्यांनी पाणी शेंदलं आणि डोणीत ओतलं. ते खालून गढूळ होऊन वाहून गेलं.

"हितं पानी का ऱ्हाईना रं?" तात्या डोण चाचपत म्हणाले.

फुलांपाशी उभे असलेले सरपंच खिदळले. "तात्या, ती आता शोची हाय की! फुलं भिजवू नगा."

मेंढरं त्या अक्षरांखालचा चिखल चाटत होती.

सरपंचांना झापायला तोंड उघडलं आणि आठवलं. याचं डिझाइन गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं होतं, तेव्हा न बघताच अंगठा देणाऱ्यांत मीही होतो.

तुम्ही शेवटचा अंगठा कशाला दिलात, आठवतंय?