बेचाळीस टक्क्यांवर अडलेलं कुलूप

कंपनीने फर्मान काढलं की घरून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट झालीच पाहिजे. म्हणजे आतल्या माहितीला असं कुलूप घालायचं की लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराच्या हाती नुसता डबा लागावा. पुण्यातल्या नव्हे, आमच्या गावच्या भवानी पेठेतल्या घरात चोर शिरलाच, तर तो लॅपटॉपच्या आधी आईच्या तावडीत सापडेल, हे कंपनीला कळवायची सोय नव्हती. मी बटण दाबलं. कुलूप बेचाळीस टक्के लागलं आणि तिथेच बसलं.

शनिवारपर्यंत शंभर टक्के झालं नाही तर लॅपटॉप कंपनीच्या कामाला चालणार नाही आणि मी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं, असं साहेबांनी बजावलं होतं. मला पुण्याला जायचं नव्हतं. वडील गेल्यावर आईकडे बघायला घरात कोणी नाही, असं सांगून मी घरून काम करायची परवानगी मिळवली होती. सांगताना ते मला स्वतःलाही खरं वाटलं होतं.

मदतीला फोनवर पुण्याच्या ऑफिसातला तंत्रज्ञ होता. हा माणूस कधी चिडत नसे, त्यामुळे मला दोघांच्या वाटचं चिडावं लागे. त्याने आधी लॅपटॉप बंद करून चालू करायला लावला. मग डिस्कवर जागा आहे का पाहिलं, अपडेट टाकले, एन्क्रिप्शन थांबवून पुन्हा सुरू केलं. बेचाळीस.

"मॅडम, तुम्ही काम करत असताना हे पुढे सरकत नाही, मशीन मंद होऊ नये म्हणून. रात्री झाकण उघडं आणि चार्जर चालू, असं ठेवता ना?"

"ठेवते की."

आणि ठेवत होतेच. परदेशातल्या लोकांच्या वेळा पाळाव्या लागत, म्हणून माझं काम उशिरा संपायचं. लॅपटॉप तसाच टेबलावर सोडून मी माडीवर झोपायला जायची. सकाळी खाली येऊन बघावं तर झाकण उघडं, चार्जर जागेवर आणि आकडाही जागेवर.

शुक्रवारी सकाळी त्याने पुण्यात बसून मशीनच्या आतली नोंद तपासली. "रोज रात्री तुमचं काम संपलं की थोड्या वेळात झाकण मिटतं, मॅडम. पहाटे परत उघडतं."

"आपोआप?"

"आपोआप मिटणारं मॉडेल अजून आलेलं नाही."

आई नुकतीच विहारातून वंदना करून आली होती आणि मेथी निवडत बसली होती. फोन हातात धरूनच मी तिला विचारलं.

"व्हय, मीच मिटती," ती म्हणाली. "बटनबी बंद करती, अन् वरनं चादर घालती."

आमच्या घराच्या मागेपुढे यंत्रमाग आहेत. कापसाचा बारीक धुरळा दिवसभर घरात येतो, म्हणून आमच्याकडे मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन, सगळं झाकलेलं असतं. उघडी फक्त माणसं. त्यात वडिलांच्या चादरीच्या कारखान्यात एकदा तापलेल्या मोटारीवर असाच धुरळा बसून आग लागली होती. तेव्हापासून जी वस्तू हाताला गरम लागेल तिचं बटण बंद होतं. चार्जर रोज गरम लागत होता.

"मग सकाळी उघडून, बटण लावून का ठेवायचीस?"

"तू उगडं ठिवून जातीस. तुजी वस्तू तुला तशीच दिसाय पायजे की."

ह्यावर काय बोलणार? मी बोललेच. आठवडाभराचा सगळा राग तिच्यावर काढला. म्हटलं, "तुझ्या ह्या चादरीपायी मला पुण्याला जावं लागलं असतं. मग तुझ्याकडं कोण बघणार होतं?"

"माज्याकडं?" आईने मेथीची काडी मोडली. "तुजी मावशी कवापासून टेंभुर्णीला बोलावतीया. तितं मला लई करमतं. पन म्हनलं, पोरगी पुन्यात एकटी राहून वाळून आलीया, हितं दोन घास नीट खातीया. हिला टाकून कसं जायाचं? म्हनून गेले न्हाय."

मला आधी अपमान वाटला. मग इतकं रडू आलं की मी खिडकीकडे तोंड केलं. फोन चालूच होता.

"मॅडम," तंत्रज्ञ म्हणाला, "आता चार्जर लावून झाकण उघडं ठेवता का?"

मी त्या दिवशी सुट्टी टाकली, म्हणजे लॅपटॉपला दिवसभर मोकळीक. आई शेजारी बसून अधूनमधून चार्जरला हात लावत राहिली, पण बटणाला हात लावला नाही. दिवेलागणीला शंभर झाले. साहेबांचा निरोप आला, परवानगी कायम.

मग मी आईला म्हटलं, "जा, आठ दिवस मावशीकडं राहून ये."

"अन् तू?"

मी राहीन की एकटी, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. आई माझ्याकडे बघत होती.

"मी पण येते," मी म्हटलं.