रशीदभाईंचा हिरवा डिस्को

अत्तराच्या दुकानात किस्से का साठतात, याचं माझं उत्तर साधं आहे. कपड्याच्या दुकानात माणूस भाव विचारतो, किराण्यात वजन बघतो. अत्तराच्या दुकानात तो आधी नाक पुढं करतो, आणि नाक पुढं केलेला माणूस काय बोलेल याचा नेम नसतो! जळगावात या दुकानाच्या गल्ल्यामागं बसून माझे केस पिकले. पूर्वी आठवड्याला एखादा किस्सा घरी न्यायचो. रशीदभाईंनी ते हिरवं अत्तर काढलं आणि रोजचा रतीब सुरू झाला. शेवटी बायको म्हणाली, "मला नका सांगू आता. माझे कान किटले."

तिचे नुसते किटले. लोकांचे हिरवे झाले, त्याचं काय?

तर रशीदभाई. दुकान त्यांच्या घराण्याचं, मी त्यांचा जुना माणूस. पांढरी दाढी, मऊ बोलणं, गुलाब-मोगरा-खस यात सगळी हयात गेलेली. असा माणूस एका सकाळी काउंटरवर बाटली ठेवतो आणि म्हणतो, "सुरेशभाऊ, हा डिस्को!"

मला आधी ते भांडी घासायचं लिक्विड वाटलं. इतकं हिरवं!

मग गोष्ट बाहेर आली. तरुणपणी हे धुळ्याला राहायचे. कापसाचा हंगाम संपला की तिथल्या एका जिनिंगचं गोदाम रिकामं व्हायचं, आणि काही हौशी पोरं शनिवारी संध्याकाळी तिथं डिस्को भरवायची. कर्णे लावायचे, फरशी घसरडी व्हावी म्हणून कॅरमची पावडर टाकायची आणि हॅलोजनला जिलेटिनचा रंगीत कागद गुंडाळायचा. दुकानात म्हणे एकच रंग मिळाला, हिरवा. त्यामुळं पँटी हिरव्या, चेहरे हिरवे, हवेत उरलेला कापूस उडायचा तोही हिरवा. आणि आमचे रशीदभाई चमकीचा शर्ट घालून सगळ्यात पुढं, ऐन दिव्याखाली नाचायचे! घरी सांगून जायचे, 'अत्तर पोचवायला चाललो.'

एका रविवारी सकाळी त्यांच्या थोरल्या भावानं तो शर्ट शोधून काढला आणि एक शब्द न विचारता चुलीत घातला. या थोरल्यांना सगळं घर 'बडे भाई' म्हणतं. वडिलांच्या जागी माणूस. "त्या गोदामात पुन्हा गेलास, तर या घरात यायचं नाही," एवढंच बोलले. डिस्को संपला.

बडे भाईंना सांगितलं कुणी? रशीदभाईंना खात्री आहे, चुलतभाऊ अन्वरनं चुगली केली. तेव्हापासून आजतागायत अन्वरशी बोलणं बंद! लग्नात समोर आले तरी एकाची मान उत्तरेला, दुसऱ्याची दक्षिणेला.

आणि आता म्हातारपणी या गृहस्थाला ते गोदाम बाटलीत भरायचंय. खस, केवडा, हिरवी वेलची, तंबाखूचं अत्तर, चुरगळलेल्या गवताचा अर्क. "तरी काहीतरी कमी आहे," म्हणत रोज थेंब थेंब ओतत बसतात. मी म्हटलं, "वास राहू द्या, निदान रंग तरी नको. अत्तरात रंग कोण घालतं?"

"रंगाशिवाय डिस्को?" असं म्हणून त्यांनी मेणबत्तीवाल्याकडून तेलात विरघळणारा हिरवा रंग आणला.

त्यांचं म्हणणं एकच. त्या गोदामात बसलेल्या एका तरी माणसानं वास घेऊन स्वतःहून म्हणावं, 'हो, हेच ते.' तोवर डिस्को बंद होणार नाही. आणि बडे भाईंना यातलं काही कळता कामा नये. ते धुळ्याहून आले की हिरव्या बाटल्या गुलाबपाण्याच्या कॅनमागं लपवायच्या. हे काम अर्थात माझं!

* * *

आमच्याकडं जुन्या गिऱ्हाइकाला फाया मिळतो. काडीवरचा कापूस अत्तरात बुडवायचा आणि त्याच्या कानात वरच्या घडीत खोचून द्यायचा. दिवसभर घमघमाट.

आता यात मेणबत्तीचा रंग मिसळा.

पहिला फाया रशीदभाईंनी एरंडोलकडच्या एका आबांना खोचला. नेहमी खस नेणारे, पागोटं बांधणारे आबा. दोन दिवसांनी तेच आबा दारात उभे. डावा कान पोपटासारखा.

"सुरेशभो, कान धुई धुई थकी गऊ! जात नई ना हाई! गावमा बठ्ठा लोके हासतंस माले!"

मी हात जोडले, खोबरेल तेल दिलं, चहा मागवला, दोष माझ्या कपाळी घेतला. रशीदभाई जागचे हलले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "आबा, वास कसा होता?"

"वास चांगला शे."

"मग?"

आबा जरा विचारात पडले. मग पागोटं सावरून त्यांनी उजवा कान पुढं केला. "दुसरा कानलेबी लाई दे. एकच हिरवा चांगला दिसत नई!"

तुम्हीच सांगा, अशा वेळी मी कुणाची बाजू घ्यायची?

* * *

लग्नाचा किस्सा तर मी आठवतच नाही. आठवला की पित्त होतं.

लग्नात दारात उभं राहून पाहुण्यांच्या मनगटावर अत्तर लावतात, ते आमच्याकडून जातं. एका मुलीच्या बापानं गुलाब सांगितलं होतं. रशीदभाईंनी गुलाबाच्या जोडीला एक बाटली डिस्को परस्पर पाठवली. का? तर, "लग्नात म्हातारी माणसं येतात सुरेशभाऊ. एखादा गोदामातला निघाला तर!"

गुलाब अर्ध्यात संपलं. नंतर आलेल्या सगळ्यांना हिरवं. आणि नंतर कोण आलं? वऱ्हाड, म्हणजे मुलाकडचे.

आता झालं असं, की जेवणाच्या दारावर आचाऱ्याचा माणूस उभा होता. त्याच कार्यालयात शेजारी दुसरं लग्न, तिकडचे लोक इकडं जेवून जातात म्हणून त्याला उभा केलेला. त्याला वाटलं, जेवून झालेल्यांच्या हाताला खूण केलीय. हिरवा हात दिसला की तो म्हणायचा, "तुमचं झालंय! पुढं चला!"

नवरदेवाच्या मामालाच त्यानं परत फिरवलं. मामा रुसले. नुसते रुसले नाहीत, बूट घालून गाडीत जाऊन बसले. मुलीच्या बापाचा मला फोन. इतका आवाज, की फोन कानापासून लांब धरला तरी शेजारच्या घड्याळवाल्याला ऐकू गेला. मी पळत कार्यालयात. मामांच्या गाडीच्या काचेवर टकटक केली, पाया पडलो, म्हटलं, "मामा, जेवायला चला."

मामांनी काच खाली केली. "जेवतो. पण त्या दुसऱ्या लग्नात पंगत वाढत होते, तिथं मला कुणी अडवलं नाही. पोट भरलंय. आता थोड्या वेळानं बोलवा!"

* * *

एकदा धुळ्याला जायचं होतं. रशीदभाईंनी पिशवीत बाटली दिली. तिकडं कुणी जुना माणूस भेटला तर हुंगवा म्हणून. एसटीत पारोळ्याच्या अलीकडं खड्डा आला आणि बाटलीचं बूच उडालं.

पहिल्यांदा पुढची बाई खोकली. मग मागून कुणीतरी खिडकी उघडली. मग सगळ्या खिडक्या. कंडक्टर वास घेत घेत बरोबर माझ्या सीटपाशी येऊन थांबला.

"भाऊ, या गाडीत कोंबडी येते, सुकट येतं, परवा एकानं बकरीचं पिल्लू आणलं. कधी काही बोललो नाही. हे चालणार नाही. टपावर ठेवा."

मी म्हटलं, "सांडलंय सगळं. माझ्या अंगावरच आहे."

"मग तुम्ही बसा टपावर!"

* * *

कॉलेजच्या मुलींचा एक घोळका आला. मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या. "काका, काहीतरी जुनं, हटके दाखवा ना!"

झालं! रशीदभाईंच्या अंगात चमकीचा शर्ट शिरला. त्यांनी बाटली काढली, गोदाम सांगितलं, दिवे सांगितले, एक पाय थोडा हलवूनही दाखवला. पोरी खूष. एकीनं वास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अय्या! हा वास मला माहितीये! आमच्या आजोबांच्या कपाटाला अस्साच वास यायचा!"

रशीदभाई काउंटरवर पुढं वाकले. "बेटा, आजोबा धुळ्याचे का? डिस्कोला जायचे का?"

"छे हो! ते ग्रामसेवक होते. कपाटात झुरळाच्या गोळ्या ठेवायचे."

* * *

मग दीपनगर. हा किस्सा मी हसत सांगायला घेतो, पण नीट हसता येत नाही.

एका गिऱ्हाइकानं सांगितलं, की धुळ्याच्या त्या गोदामात दिवे लावणारा माणूस पुढं वीज केंद्रात नोकरीला लागला आणि अजून मुलाकडं दीपनगरच्या कॉलनीत असतो. वामननाना नाव. रशीदभाईंनी इस्त्रीचा कुर्ता घातला, नवी बाटली घेतली. आज पास होणार म्हणून निकालाला निघालेल्या पोरासारखा चेहरा. सोबतीला मी होतोच.

नानांनी प्रेमानं बसवलं, गोदाम आठवलं, पावडर आठवली. रशीदभाईंनी फाया पुढं केला. नानांनी मोठा श्वास घेतला.

"कसा आहे?"

"मला वास येत नाही हो. मागं ताप आला तेव्हापासून नाक गेलंय."

मी मनात म्हटलं, वा! एवढ्या लांब येऊन माणूस सापडला तो असा! पण रशीदभाईंनी धीर सोडला नाही. बाटली उजेडात धरून म्हणाले, "वास राहू द्या नाना. रंग तर बघा. तोच ना?"

नाना बघत राहिले. "पण कागद निळा होता ना?"

"हिरवा होता, नाना."

"अहो, निळा होता. माझ्या हातानं गुंडाळायचो मी. लाइटवाला तुम्ही का मी?"

परतीच्या रस्त्यावर रशीदभाई भुसावळपर्यंत बाटली मांडीवर घेऊन बसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुरेशभाऊ, मी दिव्याखाली नाचायचो. मला रंग आठवत नसेल, तर मग काय आठवतंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सगळ्या हिरव्या बाटल्या खोक्यात भरायला घेतल्या. "ओतून टाका आज."

इतके महिने मी ज्याच्यासाठी देव पाण्यात घातले होते, ते झालं. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. वाईट वाटलं, खरंच सांगतो. आबांचा कान, मामांचा रुसवा, सगळं परत चाललं असतं मला.

* * *

आणि नेमके तेव्हाच दारात बडे भाई!

न सांगता आले. ऐंशी उलटलेली, हातात काठी, पण नजर अशी की आमच्यासारख्यांची शेपूट आपोआप आत जाते. काउंटरवर खोकं उघडं. बाटल्या लपवायला ना वेळ, ना जागा.

बडे भाई खुर्चीत बसले. खोक्याकडं बघितलं. "हे हिरवं काय?"

"फिनेल, भाई," रशीदभाई म्हणाले.

बडे भाईंनी माझ्याकडं हात केला. "सुरेश, फिनेलचा फाया दे."

मी रशीदभाईंकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. शेवटी काडी बुडवली आणि दिली. दुसरं काय करणार? मनात म्हटलं, शर्ट चुलीत गेला, आज आम्ही दोघं जाणार.

बडे भाईंनी फाया नाकाशी धरला. डोळे मिटले. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण सुरू झालं, संपलं, तरी यांचे डोळे मिटलेलेच. मग त्यांनी तो फाया सावकाश कानात खोचला. 'रंग लागेल' असं सांगायचीही माझी हिंमत झाली नाही.

रशीदभाईंकडं त्यांनी बघितलंच नाही. माझ्याशीच बोलले.

"रंग बरोबर आहे, सुरेश. हिरवाच होता. पण हा पुढं नाचणाऱ्यांचा वास झाला. मागं अंधारात उरलेल्या सरकीच्या पोत्यांवर बसून मी याचा चमकीचा शर्ट बघायचो, तिथं सरकीचा वास यायचा. तो घालायला सांग त्याला."

एवढं बोलून उठले, एक बाटली कुर्त्याच्या खिशात टाकली आणि हिरवा कान घेऊन धुळ्याच्या गाडीला निघून गेले.

मी खोक्यातल्या बाटल्या एक एक करून परत फळीवर मांडायला लागलो. रशीदभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मग हळूच म्हणाले, "सुरेशभाऊ, तुमच्याकडं अन्वरचा नंबर आहे का हो?"