वाटेवरची झाकणं

शालन गेल्याचं मला कट्टा गावच्या बाजारात कळलं. दुकानाचा माल घेऊन एसटीची वाट बघत उभी होते, तेवढ्यात भावजयीचा फोन आला. "शालन गेली गो. झोपेतच." पुढे ती काय बोलली ते डोक्यात शिरलंच नाही. गाडी आली, मी चढले, आणि अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की मालाची खोकी स्टँडवरच राहिली.

महिना उलटून गेला. पेपरात तिच्याबद्दल बरंच छापून आलं, 'विकासाभिमुख नगराध्यक्ष' वगैरे. वाचून तिला हसू आलं असतं. आम्ही शाळेत एका बाकावर बसलो. पुढे ती त्याच शाळेत शिकवायला लागली, मी औषधांचं दुकान घातलं. ती निवृत्त झाली आणि गावाची नगरपंचायत झाली, तेव्हा लोकांनी तिला जवळजवळ ओढूनच त्या खुर्चीत बसवलं.

त्याच सुमारास दिल्लीहून शहरांसाठीची योजना आली. आमचं गाव नुकतंच कागदावर शहर झालेलं. मुंबईच्या सल्लागार कंपनीची माणसं आली, अहवाल देऊन गेली. त्यात नदीकाठाच्या सुशोभीकरणावर एक अख्खं प्रकरण होतं, आणि आमच्याकडे नदीच नाही. अशा योजना आल्या की गावं काय करतात ते आम्ही आजूबाजूला बघितलं होतं. वेशीवर कमान उभारतात, रंगीत दिवे लावतात आणि फोटो वर पाठवतात. आमच्या सदस्यांनाही कमानच हवी होती. शालन मात्र भुयारी गटारावर अडून बसली. वरच्या आळीचं सांडपाणी उतारानं जाऊन समुद्राकडच्या खालच्या वाडीच्या विहिरींत मुरायचं. पावसाळा आला की तिथली पोरं काविळीनं पिवळी पडायची आणि माझ्या दुकानातला ग्लुकोज संपायचा. एका वर्षी तिच्या वर्गातली एक मुलगी त्यातच गेली. त्यानंतर खालच्या वाडीत गेलेली शालन विहिरीत डोकावल्याशिवाय परत येत नसे.

गटार न्यायचं कुठून, हा प्रश्न कंपनीच्या माणसांनी उपग्रहाच्या नकाशावर चुटकीसरशी सोडवला. डोंगरापासून समुद्रापर्यंत एक सरळ मोकळी पट्टी त्यांना दिसली. बांधकाम नाही, कुणाचा दावा नाही, उतारही नेमका. साहेब खूश झाले. एवढी जागा मोकळी कशी राहिली, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. ती राखणदाराची, गाव राखणाऱ्या देवाची वाट. तिन्हीसांजेला तो डोंगरावरून उतरतो आणि समुद्रापर्यंत फेरी मारतो, म्हणून तिथे कुणी दगडांचा गडगा घालत नाही, दिवा लावत नाही, कपडेसुद्धा वाळत घालत नाही. दरवर्षी त्याच्या पाषाणापुढे चामड्याच्या नव्या चपला ठेवतात आणि वर्षअखेरीस त्या टाचेकडे झिजलेल्या मिळतात. मी पाहिल्यात. कशानं झिजतात ते मला विचारू नका, मी औषधं विकते.

मार्चअखेर काम सुरू झालं नसतं तर निधी परत गेला असता. मग गावानं कौल लावला. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्या दिवशी दुपार झाली तरी एकही पाकळी हलली नाही. वारा चांगला होता, माडांच्या झावळ्या सळसळत होत्या, आणि पाकळ्या जागच्या जागी. गावाच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालतात ते तात्या गावकर. त्यांनी नारळ खाली ठेवला. देव काही सांगत नसताना जो गाऱ्हाणं घालतो, त्याच्या माथ्यावर सगळं येतं, आणि ते घ्यायला आपण तयार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. जमलेले सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. शालननं नारळ उचलला.

"बा म्हाराजा, तुझ्या वाटेक हात लावतंय. चूक झाली तर ती गावाची न्हय, माझी. माझ्या माथ्यार घाल, पण पोरांका बरा पाणी दी."

"व्हय म्हाराजा," असं सगळ्यांनी म्हणायचं असतं. जरा वेळानं म्हटलं... फार हळू.

गटार झालं. वाटेवर डोंगरापासून समुद्रापर्यंत लोखंडी झाकणं बसली. पहिला पावसाळा धास्तीत गेला, दुसऱ्यात खालच्या वाडीतलं एकही पोर पिवळं झालं नाही. माझ्याकडे ग्लुकोजचे डबे पडून राहिले. धंद्यात एवढं नुकसान होऊन मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

शालन मात्र त्यानंतर खचत गेली. उजवा गुडघा धरला. शेवटचे काही महिने तर पलंगापासून पडवीपर्यंत यायचं तरी भिंतीचा आधार लागे. मी रोज जायची. पाय फार दुखतात म्हणायची. गुडघा का, विचारलं की म्हणायची, "गुडघो नाय गो. तळवे."

मला ते तिला शेवटची आंघोळ घालताना कळलं. तळवे माझ्या हातात होते. टाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, भेगांत बारीक वाळू होती. महिनोन्महिने घराबाहेर न पडलेल्या बाईच्या भेगांत. मी ती धुतली आणि कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर रडू आवरलं नसतं.

तेराव्यानंतर तात्या दुकानात आले. पिशवीतून त्यांनी राखणदाराच्या गेल्या वर्षीच्या चपला काढून काउंटरवर ठेवल्या. कोऱ्या करकरीत. तळाला धूळसुद्धा नव्हती. बाहेर दिवस मावळत होता. मग वाटेच्या वरच्या अंगाला एक झाकण वाजलं. त्यानंतर त्याच्या खालचं. एक पाऊल जड, एक हलकं, झाकणामागून झाकण, दुकानाच्या मागच्या बाजूनं समुद्राकडे. उजवा पाय जपत टाकलेला. ती चाल मला ओळखू येणार नाही?

मला भीती वाटली नाही. राग आला. विहिरी साऱ्या गावाच्या, पोरं साऱ्या गावाची, आणि फेऱ्या तिनं एकटीनं घालायच्या? ही कसली वाटणी? शालनला यातून सुटका कशी, असं मी तात्यांना विचारलं. त्यांनी चपला परत पिशवीत घातल्या.

"माथ्यार घेतलेला तसा सुटना नाय. दुसऱ्या कोणी घेवक होया."

गावात विचारून झालं होतं म्हणे. सगळे पुन्हा आपापल्या पायांकडे बघत होते.

येत्या अमावस्येला गाऱ्हाणं आहे. नारळ मी आणून ठेवला आहे. त्या संध्याकाळी दुकानात मी घेते म्हटल्यावर तात्या जाता जाता दारात थांबून म्हणाले, "मगे तुका चलूक लागतला."

"चलान," मी म्हटलं. "तिका आता बसांदे."