माक्याची मुळं

आमच्या इमारतीमागच्या डबक्याच्या काठाशी आई वाकून बसली होती. बारीक पांढरं फूल असलेली एक काडी तिनं माझ्या तळहातावर चुरडली. "रस काळा पडला की समजायचं, माका. नाहीतर आणशील कुठलंही गवत."

बघता बघता हिरवा रस काळसर झाला. पूर्वी गावात कावीळ झाली की हाच रस देत. आईला आता तो फक्त माझ्या विरळ केसांच्या तेलासाठी हवा असतो.

मी झाड मुळासकट उपटू लागलो, तशी तिनं हातावर चापट मारली. "मुळं राहू दे रे. पुढच्या वर्षी टकलाला काय लावशील?"

मी हसलो, पण तिच्याकडे बघवेना. हे डबकं बुजवून गाड्या लावायच्या, असं परवा सोसायटीच्या सभेत ठरलं. हात वर करणाऱ्यांत मी होतो. अनोळखी गोष्टी माणूस सहज गाडून टाकतो, असं म्हणून सुटावं, तर माक्याचं तेल मी रोज डोक्याला लावतो.

आईला अजून सांगितलेलं नाही. एकेक मूळ जपत मी नुसता पाला खुडत राहिलो.

"आता कसं शहाण्यासारखं," ती म्हणाली.