काहिलीची गाडी

धाकटा भाऊ लढाईवरनं परत आला तो डोक्यात इटली घेऊनच. तिथं फौजेचा ट्रक चालवताना कुणाच्या तरी गोठ्यात त्यानं शर्यतीची जुनी मोटार बघितली होती. लांब नाक, दोघांपुरती जागा, वर छप्पर नाही. तसलीच आपण करायची, असं त्यानं ठरवून टाकलं. "दादा, फकस्त पाच करणार. सहावी राजानं मागितली तरी न्हाई!" मी म्हटलं, आधी औत धर. पण ऐकतोय कोण?

सांगलीच्या भंगारातनं त्यानं मोटारीचा सांगाडा आणला. नाकाला पत्रा मिळेना. मग मी कराडच्या बाजाराला गेलेला दिवस त्यानं साधला. येऊन बघतो तर लोहाराला हाताशी धरून त्यानं आमची उसाचा रस आटवायची गुळाची काहील कापलेली! दर साली चुलवण पेटवायच्या आधी आई जिला हळदकुंकू लावायची, ती काहील. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कोयता घेऊनच धावलो. आमचे वडील, आबा, मधे पडले म्हणून वाचला मेला.

ऊस तोडीला आलेला. लढाईपायी नवी काहील कुठं मिळत नव्हती. गावात दुसरी होती ती चुलत चुलत्याकडं, ज्यानं आमचा बांध कोरून खाल्ला होता. त्याच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, अशी आबांनी देवळात शपथ घेतलेली. गावात ताठ मानेनं सांगण्यासारखं आमच्याकडं तेवढंच उरलं होतं.

"ऊस वाळला तर वाळू दे," आबा म्हणाले. "माझ्या घरातलं कुणी त्याच्या दारात जायचं न्हाई."

भाऊ गेला. कुणाला न विचारता, हसत गेला. चुलता म्हणाला, "काहील ने की. पर गाडीत पयला मी बसणार, गावभर." ह्या येड्याला ते कौतुकच वाटलं!

गाडी तयार झाली त्या संध्याकाळी भोंगा वाजवत दोघं आमच्या दारात थांबले. फेटा बांधलेला चुलता, पायतानासकट पाय आमच्या काहिलीच्या त्या नाकात पसरलेले. "काय रं, येतोस का बसायला?" त्यानं पायरीवर बसलेल्या आबांना विचारलं. सगळी आळी बघत होती. आबा उठून आत गेले.

चुलत्याच्या काहिलीत गूळ पिवळाधमक झाला. आबांनी त्याचा खडा जिभेला लावला नाही, चहासुद्धा कडूच प्यायचे. त्या पाचांतली एकच गाडी झाली. भाऊ ती रोज पुसायचा आणि म्हणायचा, "आबा, एकदा बसा की."

आबा एकदाच बोलले. "त्यो बसून गेला की रं. आता त्या काहिलीत माझं काय शिजायचं ऱ्हायलंय?"

पुढच्या उसाआधी आबा गेले. तिरडीला खांदा द्यायला भाऊ पुढं आला. मी त्याला सगळ्या गावादेखत ढकलला, आणि त्याच्या जागी लोहाराला बोलावला. काहील त्यानंही कापली होती, पण आबांची शपथ त्यानं मोडली नव्हती.