फिरत्या वहीतला चौदावा

परवा दोघं जण माझ्याकडे आले. आमच्याच कमर्शियल क्लासचे माजी विद्यार्थी, माझ्या मागून पाच-सहा वर्षांनी शिकलेले. म्हणाले, "आपलं माजी विद्यार्थ्यांचं मंडळ पुन्हा उभं करू. तुम्ही पहिले चिटणीस. जरा मार्गदर्शन करा." इथवर मी ऐकून घेतलं, चहाही पाजला. मग त्यातल्या एकानं विचारलं, "ती जुनी फिरती वही आहे का हो तुमच्याकडे? आणि सावनेरच्या त्या टायपिस्टचा पत्ता?" झालं. माझं डोकं सणकलं. मी असं मार्गदर्शन केलं की ते पुन्हा आमच्या गल्लीत फिरकायचे नाहीत. ते गेल्यावर बायको म्हणाली, घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात का. बोलतात.

वही आहे माझ्याकडे. कपाटात सगळ्यात खाली, जुन्या धोतराखाली. आणि तो टायपिस्ट सावनेरला एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर कुंचल्यानं नंबर रंगवतो. आमच्या क्लासमधून बाहेर पडलेला सगळ्यात चांगला हात तो. हे काय त्या पोरांना चहाबरोबर सांगायचं?

क्लास सीताबर्डीवर होता. खाली मिठाईचं दुकान, वर दोन खोल्या. जिन्यात जिलबीचा वास आणि वर आठ मशिनींचा खडखडाट. टायपिंग, शॉर्टहँड, व्यापारी पत्रव्यवहार. मास्तर पूर्वी कुठल्याशा साहेबाच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि तिथली एक गोष्ट त्यांनी आमच्या हाडात भिनवली होती. हातात आलेला कागद सही केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. "पाहिले" लिहायचं, खाली तारीख, खाली सही. मग आभाळ का कोसळेना. एकदा एकाच्या लग्नाची पत्रिका क्लासमध्ये फिरवली, तर ती अकरा वेळा "पाहिले" होऊन परत आली. आम्ही पोट धरून हसलो होतो. तेव्हाच रडायला हवं होतं.

क्लास संपला की जो तो आपल्या वाटेनं. नागपूर काही खेडं नव्हतं, प्रांताची राजधानी होती. कुणी सेक्रेटरिएटात, कुणी रेल्वेत, कुणी इतवारीत कापडाच्या पेढीवर, कुणी धंतोलीत वकिलाकडे. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. आणि नोकरीची जागा कधी निघते, कधी भरते, ते ज्याच्या ओळखी त्यालाच कळतं. आमचे बाप काही रावसाहेब नव्हते. मग म्हटलं, आपणच एकमेकांची ओळख व्हायचं. जो जिथं चिकटलाय त्यानं तिथली जागा निघाली की सांगायची, आणि आपल्यातल्या रिकाम्या माणसाला तिथं धाडायचं. एवढीच कल्पना. अजूनही सांगतो, कल्पना वाईट नव्हती.

एक अख्खा हिवाळा मी सायकल झिजवली. महाल, इतवारी, सदर. दार उघडलं की आधी वाटायचं वर्गणी मागायला आलो. तेरा जण जमवले, मी चौदावा. पहिल्या बैठकीत काय झालं असेल? मंडळ म्हणायचं की संघ, यात दोन तास गेले. उरलेला वेळ फोटोत खुर्च्यांवर कोण बसणार आणि मागे उभं कोण राहणार यात. रिकाम्या माणसाचं नाव कुणी काढलं नाही. तो रिकामा माणूस तिथंच सतरंजीच्या टोकाला बसला होता.

तो सावनेरचा. मशीनकडे न बघता टाइप करायचा, आणि कान असा की दुसऱ्याच्या मशीनच्या आवाजावरून सांगायचा, "चुकला गा तू." ज्या पेढीवर होता ती बुडाली. आईला घेऊन तो बहिणीकडे राहत होता, आणि बहिणीच्या नवऱ्यानं तोंडावर सांगितलं होतं की होळीपर्यंत थांबा, पुढे तुमचं तुम्ही बघा. होळीच्या आत नोकरी लागली तर नागपुरात एक खोली. नाहीतर मायलेकांनी इतवारी स्टेशनावरून छोट्या रुळाच्या गाडीत बसायचं आणि सावनेर गाठायचं, आणि सावनेरला त्याच्या हाताचं काय काम? मी त्यांच्याकडे गेलो की त्याची आई विचारायची, "काहून गा बापू, तुमचं मंडळ का करून राहिलं? माह्या पोराचं होते का काही?" मी म्हणायचो, होईल, आई.

त्यासाठीच मी फिरती वही काढली. कुणाला जागा कळली की त्यानं वहीत लिहायचं आणि पुढच्या घरी पोचवायची. क्रम ठरवायला बसलो तर जुन्या बॅचवाल्यांनी नाक मुरडलं. आमची नावं कालच्या पोरांच्या खाली? मग आम्हाला वगळा. मला मंडळ मोडायचं नव्हतं. मी मान डोलावली आणि बॅचप्रमाणे नावं लिहिली. आधी जुने, मग नवे. मी चौथा. तो सगळ्यात शेवटच्या बॅचचा, म्हणून चौदावा. ज्याच्यासाठी वही काढली तो चौदावा. एवढा शहाणा मी.

माघ संपता संपता वही पहिल्या नंबरच्या गृहस्थाकडे होती. ते एका विमा कंपनीत होते. त्यांच्याच कचेरीत टायपिस्टची जागा निघाली. त्यांना ठाऊक होतं की आपल्यात रिकामा एकच आहे. त्याचं घर त्यांच्या कचेरीपासून चालत दहा मिनिटं. हे सद्गृहस्थ गेले का? नाही. त्यांनी टाक उचलला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, "टायपिस्टची एक जागा रिकामी आहे. अर्ज आठ दिवसांत." वर लाल शाईनं "तातडीचे". खाली सही. आणि वही दुसऱ्या नंबरला.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, ती माझ्याकडे आली. वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू. मंडळ चालतंय. माझी वही चालतेय. आमच्या कचेरीत लाल "तातडीचे" असलेला कागद एका दिवसात चार टेबलं फिरतो, तेव्हा शनिवारी नाहीतर सोमवारी ती त्याच्या हातात पडणारच, असा हिशेब केला. "पाहिले" लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि पाचव्याच्या घरी टाकून आलो.

येताना चौकात तोच भेटला. आम्ही हॉटेलात चहा घेतला. तो मंडळाची टर उडवत होता. "तुमची वही म्हणजे का, चौदा जनांनी मिळून एक शेळी हाकायची," म्हणाला. मला राग आला, पण मनात म्हटलं, बोल लेका, दोन दिवसांनी बघू. मी तोंड मिटून ठेवलं. वहीतूनच कळू दे त्याला, रीतसर. मग कळेल मंडळ म्हणजे काय ते. मला हसू आवरेना.

"काहून हसून राहिला गा?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

सोमवार गेला. मंगळवार गेला. तो पेढे घेऊन येईल म्हणून मी वाट बघत होतो. उठून विचारायला गेलो नाही, कारण चिटणिसानं वहीच्या मागे धावायचं नसतं असं माझं मत होतं. मत म्हणे.

तो आला रविवारी, वही घेऊन. शनिवारी रात्री त्याला वही मिळाली होती. जागा पाच दिवसांपूर्वीच भरली होती, जबलपूरच्या कुणा माणसाला. हेही त्याला कचेरीच्या चौकीदारानं सांगितलं, कारण रविवारी आत कोण असणार. तरी हा धावत जाऊन आला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वही ओढली आणि एकेक सही वाचत शिव्या घालायला लागलो. पाचव्यानं "अध्यक्षांच्या माहितीसाठी" असा शेरा मारून ती अध्यक्षांकडे, म्हणजे दुसऱ्या नंबरच्या गृहस्थांकडे, उलट पाठवली होती. अध्यक्षांनी पुन्हा "पाहिले" करून परत धाडली. सातव्याकडे बारसं होतं, त्यानं तीन दिवस ठेवली. आठव्यानं लाल शाईनं "रिकामी आहे" खोडून "रिक्त आहे" केलं होतं, आणि नवव्यानं त्या दुरुस्तीपुढे "योग्य" लिहून सही केली होती. योग्य! मेल्यांनो, एक माणूस बुडतोय आणि तुम्ही पाण्याचं शुद्धलेखन तपासताय. कुणी आपला मेहुणा चिकटवला असता तर निदान शिवी द्यायला एक माणूस मिळाला असता. इथं सगळे सज्जन. एकानंही चोरी केली नाही, लबाडी केली नाही. तेरा माणसांनी एकाची जागा जाताना पाहिली आणि तसं लिहून दिलं.

मी म्हणालो, उद्याच बैठक बोलावतो. एकेकाचं नाव घेऊन विचारतो. त्या पहिल्याला तर दहा मिनिटं चालवतच नेतो तुझ्या घरापर्यंत.

त्यानं माझ्या हातातून हळूच वही घेतली आणि चौथ्या सहीवर बोट ठेवलं. तेच बोट, मशीनकडे न बघता अक्षर शोधणारं.

"हा गुरुवार ना गा?"

"हो."

"त्या दिवशी आपन चहा पेलो."

मी टेबलावरचा टिपकागद सरळ करायला लागलो.

"म्हनून हसून राहिला होता तू," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग त्यानं माझ्याच टेबलावरचा टाक उचलला. चौदाव्या रकान्यात "पाहिले" लिहिलं, तारीख घातली, सही केली, टिपकागदानं नीट टिपली, आणि वही माझ्यापुढे ठेवून तो जिना उतरून गेला. शेवटची सही झाली की वही चिटणिसाकडे परत करायची, हा नियम मीच घातला होता.